जॅक पाइनची तोड थांबवू नका : मिशिगनमधल्या मराठी पक्षीमित्रांना खुले पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

परवा रात्री आपल्या ग्रुपवर एक फोटो आला. मायो गावाजवळचा. नजर जाईल तिथवर बोडकं रान, जॅक पाइन झाडांचे कापलेले बुंधे, मध्येच खांबासारखी उभी दोन-चार वाळकी झाडं. खाली ओळ होती, "ज्या पक्ष्यासाठी आपण तीन तास गाडी हाकत गेलो, त्याचंच घर सरकार मोडतंय." सकाळपर्यंत त्याखाली जोडलेले हात आले, रडके चेहरे आले, आणि वनखात्याला पाठवायच्या अर्जाची लिंकही आली. "ही तोड ताबडतोब थांबवा." माझंही नाव कुणीतरी आपुलकीनं आत घालून टाकलं होतं. ते काढा म्हटल्यावर चार जणांचे फोन आले. चौघांना चार वेळा तेच पुराण लावण्यापेक्षा एकदाच सगळ्यांसाठी लिहिते आहे.

माझी विनंती एवढीच, की तो अर्ज पाठवू नका. फोटोतल्या त्या बोडक्या रानात आपल्या पक्ष्याच्या, म्हणजे कर्टलँड्स वॉर्बलरच्या, पुढच्या घराचा पाया खणलेला आहे. तोड थांबली तर वीस वर्षांत त्याला राहायला जागा उरणार नाही.

आधी थोडं पक्ष्याबद्दल. जूनच्या सहलीला आलेल्यांनी हा भाग गाळला तरी चालेल, पण सह्यांची यादी पाहता सहलीला न आलेलेच त्यात जास्त आहेत. कर्टलँड्स वॉर्बलर हा लांबीला साधारण चिमणीएवढा आणि वजनाला तिच्या निम्मा, म्हणजे चौदा ग्रॅमच्या आसपास. पाठ राखी-निळी, पोट लिंबासारखं पिवळं, कुशीवर काळ्या रेघा, डोळ्याभोवती तुटकी पांढरी कडी. बसल्या जागी शेपटी खाली-वर करत राहायची खोड. वॉर्बलरला मराठीत वटवट्या म्हणतात खरं, पण आपल्याकडचे वटवटे वेगळ्या कुळातले. शिवाय हा वटवट करत नाही, खणखणीत गातो. पाव मैलावरून ऐकू येतो. एवढ्याशा जिवाला एवढा आवाज कशाला, असं आपल्यातल्या एका आजींनी त्या दिवशी विचारलं होतं. तुरळक झाडांच्या उघड्या रानात आपली हद्द दूरवर कळवायची तर दुसरा इलाज नाही, एवढंच मला तेव्हा सुचलं.

१८५१ च्या मे महिन्यात क्लीव्हलंडजवळ याचा एक नमुना मिळाला. तो ज्यांच्या शेतावर मिळाला त्या डॉ. जेरेड कर्टलँड यांचं नाव त्याला पुढच्या वर्षी देण्यात आलं. हिवाळ्यात तो बहामा बेटांवर असतो हे १८७९ मध्ये कळलं. पण तो अंडी कुठे घालतो हे शोधायला १९०३ उजाडलं. त्या साली ऑस्कोडा काउंटीत, ऑ साबल नदीच्या परिसरात, पहिलं घरटं सापडलं. मध्ये अर्धशतक गेलं. याचं कारण पक्षी लाजाळू हे नव्हे. तो सगळ्यांसमोर छाती काढून गातो. पण ज्या रानाकडे कुणी ढुंकून पाहत नाही अशाच रानात गातो.

ते रान म्हणजे जॅक पाइनचं. मिशिगनचा नकाशा पंजासारखा दिसतो, म्हणून मिशिगनकर कसा तळहात समोर धरून आपलं गाव दाखवतो ना, तसा धरा. बोटांच्या पेरांच्या आसपास, ग्रेलिंग आणि मायोच्या भोवती, बर्फयुगात हिमनद्या वितळल्या तेव्हा वाहून आलेल्या वाळूचे सपाट पट्टे आहेत. पाणी पडलं की झिरपून जातं. शेती होत नाही. तिथे वाढतो हा जॅक पाइन. वेडावाकडा, खुरटा, पांढऱ्या पाइनसारखा डौल नाही की तांबड्या पाइनसारखा सरळ बुंधा नाही. लाकूड विकायचं तर लगद्याला नाहीतर भुशाच्या पाट्यांना. या झाडाची खुबी त्याच्या शंकूत आहे. तो राळेनं चिकटून बंद असतो आणि फांदीवर वर्षानुवर्षं तसाच बसून राहतो. साधारण पन्नास अंश सेल्सिअसचा चटका बसला की राळ वितळते, खवले उघडतात आणि बी पडतं. म्हणजे रान पेटलं की झाड मरतं आणि त्याच राखेत त्याचं बी रुजतं.

हे मी वाचून बरीच वर्षं सांगत आले, पण पाहिलं नव्हतं. या वेळी मायोच्या गॅस स्टेशनमागे पडलेला एक शंकू उचलून आणला. करडा, वाकडा, बकरीच्या शिंगाच्या टोकासारखा, आणि इतका घट्ट की नखानं खवला उचकटेना. घरी ओव्हन सगळ्यात कमी आचेवर लावून ताटलीत ठेवला. थोड्या वेळानं घरभर राळेचा वास आणि आतून चट्... चट्... असा आवाज. नवरा म्हणाला, ओव्हन बिघडला. उघडून पाहिलं तर शंकूची एक बाजू फुलासारखी फाकली होती आणि ताटलीत काळं, माशीएवढं बी पडलं होतं. प्रत्येकाला एकेक पातळ पंख. फुंकर मारली तर उडून फ्रिजखाली गेलं. अजून तिथेच असणार.

आता मुद्द्याचं. हा पक्षी घरटं झाडावर बांधत नाही. आपण सगळे दुर्बिणी वर करून शेंडे शोधत होतो, तेव्हा घरटं असलंच तर आपल्या गुडघ्यांच्या खाली असणार होतं. ते जमिनीवर, वाळूत, गवताच्या आणि ब्लूबेरीच्या झुडपांच्या आड असतं, आणि त्यावर छप्पर म्हणून जॅक पाइनच्या सर्वात खालच्या फांद्या हव्या असतात. हिरव्या, जमिनीला टेकलेल्या. अशा फांद्या झाड तरुण असतानाच असतात. रान साधारण पाच-सहा वर्षांचं झालं की पक्षी येतो, आणि वीसएक वर्षांचं झालं की निघून जातो. कारण तोवर वरच्या फांद्या एकमेकींत मिसळून खाली सावली करतात, खालच्या फांद्या वाळतात आणि घरटं उघडं पडतं. रान आहे, झाडं आहेत, चांगली पुरुषभर उंचीच्या वर गेली आहेत, पण या पक्ष्याच्या दृष्टीनं त्या घराचं छप्पर उडालेलं असतं. त्यातही दहा-वीस झाडांचं बेट त्याला पुरत नाही, शेकडो एकरांचं सलग रान लागतं. जॅक पाइन कॅनडाभर पसरलेला आहे, आणि हा पक्षी मात्र आजही जवळजवळ सगळाच्या सगळा मिशिगनच्या वाळूत. थोडे अप्पर पेनिन्सुलात, म्हणजे राज्याच्या उत्तरेकडच्या द्वीपकल्पात, २००७ पासून विस्कॉन्सिनच्या ॲडम्स काउंटीत काही जोड्या, आणि ओंटारियोत पेटावावाच्या लष्करी तळावर तुरळक. झालं, संपली त्याची दुनिया.

पूर्वी ही रानं आगीतून आपोआप तरुण होत. विजा पडत, रान पेटे, नवीन उगवे. विसाव्या शतकात सरकारनं आगी विझवायला सुरुवात केली आणि त्या उत्तम विझवल्या. रान म्हातारं होत गेलं. हॅरल्ड मेफिल्ड नावाचे ओहायोतल्या टोलीडोचे एक गृहस्थ होते. नोकरी एका कंपनीच्या कर्मचारी विभागात, म्हणजे आपल्या भाषेत एचआरवाले, आणि पक्ष्यांचा नाद. (आपल्या ग्रुपमधल्या एचआरवाल्यांनी नोंद घ्यावी.) त्यांच्या पुढाकारानं १९५१ मध्ये या पक्ष्याची पहिली पूर्ण मोजणी झाली. गाणारे नर मोजायचे, एका नरामागे एक मादी धरायची. ४३२ नर मिळाले. १९६१ मध्ये ५०२. आणि १९७१ मध्ये २०१. दहा वर्षांत निम्म्याहून खाली.

यात रानाच्या वयाखेरीज दुसरी एक भानगड होती. तिला काउबर्ड म्हणतात. आपल्याकडे कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं टाकते, तशी ही बया या वॉर्बलरच्या घरट्यात टाकते. कावळा निदान अंगानं दांडगा आहे. चौदा ग्रॅमच्या आईबापांनी काउबर्डचं ढोलं पिल्लू पोसायचं म्हणजे स्वतःची पिल्लं उपाशी. काउबर्ड मूळचा अमेरिकेच्या मधल्या भागातल्या मैदानांवरचा, बायसनच्या कळपांमागे फिरणारा. जंगलं तुटून शेती आणि गुरं आली तसा इकडे सरकला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मिशिगनमधल्या वॉर्बलरच्या शंभरातल्या सत्तर घरट्यांत त्याची अंडी सापडत. १९७२ पासून पिंजरे लावून काउबर्ड पकडायला सुरुवात झाली आणि हे प्रमाण झपाट्यानं खाली आलं. पण गंमत पाहा. काउबर्ड आटोक्यात आला तरी वॉर्बलर वाढेनात. १९७४ मध्ये १६७, आणि तेरा वर्षांनी, १९८७ मध्ये, पुन्हा बरोब्बर १६७. पिल्लं वाचत होती, पण मोठी होऊन राहणार कुठे? तरुण रानच शिल्लक नव्हतं.

मग ते आलं कुठून, ही गोष्ट मायोत कुणी आपणहून सांगत नाही. ५ मे १९८० च्या सकाळी वनखात्यानं याच पक्ष्यासाठी रान तयार करायला म्हणून मॅक लेकजवळ आग लावली. आखून, परवानगीनं. वारा फिरला, आग रस्ता ओलांडून गेली आणि दिवस मावळायच्या आत वीस हजारांवर एकर रान पेटलं. एकूण २४,००० एकरांच्या पुढे. चाळीसवर घरं आणि इमारती जळाल्या. आग विझवताना वनखात्याचा एक तरुण कर्मचारी गेला. एका पिवळ्या पाखरासाठी आमची घरं जाळली, हा राग त्या गावात किती वर्षं राहिला असेल याची कल्पना करा. त्या दिवशी हॉटेलात मी काउंटरवरच्या म्हाताऱ्या बाईंना पक्षी पाहायला आलोय म्हटलं, तर त्या हसल्या, पण एक क्षण थांबून हसल्या. तो क्षण मला लक्षात राहिला.

आणि त्याच जळक्या रानात जॅक पाइन उगवला. दहा वर्षांत तो योग्य उंचीला आला, आणि १९९० नंतर पक्ष्यांची संख्या जी चढायला लागली ती थेट २००१ मध्ये हजार जोड्यांच्या पलीकडे गेली. हजार जोड्या हेच सरकारनं ठरवलेलं उद्दिष्ट होतं. एका माणसाचा जीव घेणाऱ्या चुकीतून हा पक्षी वाचला. हे वाक्य लिहिताना मला बरं वाटत नाही, पण झालं ते असं.

मॅक लेकनंतर इतक्या मोठ्या प्रमाणावर आग लावायला कोण धजणार? म्हणून आगीचं काम कुऱ्हाडीनं करायचं ठरलं. साधारण पन्नास वर्षांचं जॅक पाइनचं रान सलग तोडायचं, लाकूड विकायचं, जमीन नांगरून त्यात दोन वर्षांची रोपं लावायची. एकरी हजाराहून जास्त, कारण रान दाट हवं. पण मध्ये मोकळे तुकडेही हवेत, म्हणून ओळी सरळ न काढता समोरासमोरच्या लाटांसारख्या वळवायच्या, म्हणजे दोन लाटांच्या पोटात उघडी जागा सुटते. तिथे ब्लूबेरी आणि गवत येतं, पक्षी किडे टिपतो. केंद्राचं वनखातं, राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं म्हणजे आपलं डीएनआर, आणि केंद्राचं वन्यजीव खातं मिळून हे करतात. कोणत्याही वर्षी योग्य वयाचं ३८,००० एकर रान हाताशी असावं असा हिशेब आहे. त्यासाठी दरवर्षी साधारण चार हजार एकर तोडून पुन्हा लावावे लागतात. एखाद्या वर्षी चुकलं तर त्या वर्षी काहीच बिघडत नाही. बिघडतं ते सहा-सात वर्षांनी, आणि तेव्हा दुरुस्त करता येत नाही. फोटोतलं रान हे त्याच चार हजारांतलं. मध्ये उभी वाळकी झाडं दिसतात ना? तीही विसरून राहिलेली नाहीत. सुतारपक्ष्यांसाठी मुद्दाम ठेवलेली आहेत.

मी मूळची सोलापूरची, त्यामुळे या विषयावर माझी जीभ जरा जास्तच सैल सुटते. आमच्याकडे नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. माळढोक माळावरचा पक्षी. उघडं गवत, लांबवर नजर, एवढीच त्याची गरज. पण सातबाऱ्यावर माळ म्हणजे पडीक, आणि पडीक दिसलं की आपले हात शिवशिवतात. मी सातवीत असताना वनमहोत्सवात शाळेनं आम्हाला गावाबाहेरच्या माळावर नेलं आणि प्रत्येकाच्या हातात गिरिपुष्पाचं रोप दिलं. खड्डे खणून हाताला फोड आले होते. घरी येऊन आईला मोठ्या अभिमानानं दाखवले. झाडे लावा, झाडे जगवा ही पाटी मी स्वतः रंगवली होती. पुढे कळलं, की झाडी वाढलेला माळ माळढोकाला परका होतो. तो गेला त्याला शेती, विजेच्या तारा, शिकार अशी बरीच कारणं आहेत, सगळा दोष गिरिपुष्पावर टाकणं बरोबर नाही. पण आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी पेपरात बातमी येते, आणि ती वाचताना मला ते फोड आठवतात.

म्हणून तुमचा अर्ज वाचून मला राग आला नाही, ओळख पटली. झाड तोडणं वाईट, लावणं चांगलं, हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की रान कुणाचं, कुठलं, किती वयाचं हे विचारायचं सुचतच नाही. एरवी आपण कोकणात राब भाजतात हे कौतुकानं सांगतो. जमीन भाजल्याशिवाय रोप धरत नाही हे आपल्या आजोबांना ठाऊक होतं.

तुम्ही म्हणाल, तो पक्षी आता धोक्यात नाही ना, मग कशाला एवढी तोड? हा प्रश्न एका फोनवर आलाच. १९६७ पासून तो अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत होता, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याला त्या यादीतून काढलं हे खरं. स्थलांतरी पक्ष्यांच्या कायद्याचं संरक्षण मात्र त्याला आजही आहे. कॅनडात आणि विस्कॉन्सिन राज्यात तो अजूनही संकटग्रस्तच गणला जातो. २०२१ च्या मोजणीत २,२४५ जोड्या होत्या. २०२५ च्या मोजणीत हा आकडा दीड हजाराच्या आसपास आला. हजारच्या वर आहे, म्हणून लगेच छाती पिटायचं कारण नाही, पण चार वर्षांत एवढी घट ही दुर्लक्ष करण्याजोगीही नाही. पक्षी मोजणाऱ्यांची नजर अशा वेळी आधी रानाच्या वयाकडे जाते. एकाच काळात लावलेली रानं एकाच काळात म्हातारी होतात, आणि मागून येणारं तरुण रान तेवढं नसलं की पक्षी घटतात. आणि नेमक्या याच वर्षात आपण "तोड थांबवा" म्हणून सह्या करतोय.

बरं, यादीतून काढणं म्हणजे पेशंटला घरी सोडणं, गोळ्या बंद करणं नव्हे. हा पक्षी माणसानं दरवर्षी तोडून-लावून दिल्याशिवाय राहू शकत नाही, हे कागदावर मान्य करूनच त्याला काढलंय. अडचण पैशाची आहे. जॅक पाइनच्या लाकडाला भाव कमी, एकरी हजार रोपं लावायचा खर्च जास्त, त्यामुळे लाकूड विकून लागवड भागत नाही. संकटग्रस्त असताना त्याच्या नावानं जो निधी येई तोही नाव उतरल्यावर आटतो. वनखात्याच्या टेबलावर "लोकांना तोड नको आहे" असा अर्ज पडला, तर खर्च वाचवायला निमित्त शोधणाऱ्याचं काम आपण फुकटात करून देऊ.

हे सगळं म्हणताना एक कबूल करते. लावलेलं रान मलाही आवडत नाही. लाटा असल्या तरी ते उसाच्या फडासारखं दिसतं. आगीनंतर उगवलेलं रान पाहा, तिथे जळके उभे खोड, कुठे दाट, कुठे विरळ, कुठे नुसतं गवत, निळे ब्लूबर्ड त्या जळक्या खोडांत घरटी करतात. ती गंमत नांगराला येत नाही. खात्यातले लोकही हे जाणतात आणि अलीकडे काही भागांत वेगवेगळ्या तऱ्हेनं लागवड करून पाहतायत. तेव्हा अर्ज करायचाच असेल तर असा करा : तोड दरवर्षी ठरल्याप्रमाणे होऊ दे, एक वर्षही चुकवू नका. जास्त वाळकी झाडं उभी ठेवा. जिथे गावं लांब आहेत तिथे छोट्या, सांभाळलेल्या आगींना परत जागा द्या. आणि लागवडीला पैसे कमी पडू देऊ नका. अशा अर्जावर मी पहिली सही करते, शिवाय त्याचं इंग्रजी भाषांतर करून देते.

दोन शब्द आपल्या सहलीबद्दल, कारण ते बोलले नाही तर हे पत्र अर्धवट राहील. मेपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत या रानांत पायी शिरायला बंदी असते. पाट्या जागोजाग आहेत. सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून बघायचं, नाहीतर ग्रेलिंगजवळच्या हार्टविक पाइन्स पार्कातून सकाळी निघणाऱ्या वाटाड्यासोबतच्या सहलीत जायचं. आपल्यातल्या एकानं पाटीच्या आत चार पावलं टाकून फोटो काढला. चारच पावलं, पण घरटं जमिनीवर असतं हे वर लिहिलंच आहे. दुसऱ्यानं फोनवर त्याच्या गाण्याची फीत लावली. नर चटकन समोर आला, आपण सगळे "आहाहा" म्हणालो, कॅमेरे कडकडले. तो आपल्याला दर्शन द्यायला आला नव्हता. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून भांडायला आला होता. वाटाड्यानं हात वर करून गाणं बंद करायला लावलं, तेव्हा मला फार लाज वाटली, कारण फोन माझ्याच गाडीतल्या पाहुण्याचा होता. बहामाहून दोन हजार किलोमीटर उडत आलेल्या जिवाला आपण खोटं भांडण लावून दिलं.

बहामावरून आठवलं. हिवाळ्यात तो इल्यूथेरा, कॅट आयलंड अशा बेटांवरच्या झुडपांत असतो आणि तिथे त्याच्या आवडीच्या फळांत एक फळ आहे आपल्या घाणेरीच्या भावंडाचं. लँटानाच, फक्त जात वेगळी. आपल्या सह्याद्रीत जिच्या नावानं आपण बोटं मोडतो, उपटून उपटून थकतो, तिच्याच कुळातल्या फळांवर हा पोट भरतो. इल्यूथेरावर शेळ्या चरतात त्या जागी ही झुडपं ठेंगणी राहतात आणि फळं जास्त धरतात, असंही अभ्यासकांना दिसलंय. इकडे कुऱ्हाड, तिकडे शेळी. हा पक्षी पर्यावरणाच्या पुस्तकातल्या खलनायकांच्याच भरवशावर जगतो म्हणा ना. मार्चमध्ये तिथे पाऊस कमी झाला तर फळं आणि किडे कमी होतात, पक्षी उशिरा निघतो, इकडे त्या वर्षी पिल्लं कमी होतात. त्याचं काय करायचं हे आपल्या हातात नाही. मायोच्या रानाचं आहे.

ओहायोतल्या मित्रांनी एवढं अंतर यायची गरज नाही, मेच्या मध्यात हा उत्तरेकडे जाताना एरी सरोवराच्या काठी कधीमधी उतरतो. तो दिसला तर लांबूनच पाहा, गर्दी करून त्याला झाडावरून उठवू नका. तो तिथे दमलेला असतो.

आणि मायोला गेलात तर तिथेच जेवा, रात्री तिथेच राहा, आणि काउंटरवर मुद्दाम सांगा की पक्ष्यासाठी आलोय. ज्या गावानं १९८० पाहिलंय त्याला हे ऐकायचा हक्क आहे. आपण घरून डबे नेतो, संध्याकाळी परत येतो आणि गावात फक्त बाथरूम वापरतो, असं व्हायला नको. (डबे न्याच. पण तिथला 'पाय' हा गोड पदार्थसुद्धा खा.)

अर्जाची लिंक काढून टाकायची की बदलायची ते ॲडमिननी ठरवावं. मी बदललेला मसुदा आज रात्री टाकते, रविवारपर्यंत दुरुस्त्या सुचवा. पुढच्या जूनच्या पहिल्या शनिवारी मी पुन्हा जाणार आहे. सहल सात वाजता सुटते, म्हणून नोव्हायहून पहाटे साडेतीनला निघायचं. गाडीत तीन जागा आहेत. दशम्या आणि शेंगाचटणी माझ्याकडून. ज्यांनी तो फोटो टाकला त्यांना पहिली जागा, कारण वाटेत २०१० च्या आसपास तोडलेलं एक रान लागतं, ते त्यांना दाखवायचंय. गेल्या जूनमध्ये तिथे रस्त्यावर उभं राहून मी पाच नर मोजले होते. फोन येताना बंद ठेवा.

तुमची,
नोव्हायची एक सोलापूरकरीण